छतावरचा योद्धा

सासूबाईंची अक्कलदाढ आज काढायचीच, हे दातांच्या डॉक्टरांनी सकाळी चहा पितानाच ठरवून टाकलं होतं. चार महिन्यांत सासूबाई पाच वेळा त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि पाचही वेळा सुई दिसताच उठून चालत्या झाल्या. एकदा तर गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट बसस्टॉपपर्यंत पोचल्या होत्या. आता गाल टम्म सुजला होता, चावून खाणं बंद झालं होतं आणि भेटेल तो विचारत होता, "तुमचे जावई दातांचे डॉक्टर आहेत ना?" त्या 'ना'चा डॉक्टरांना फार त्रास व्हायचा.

"या वेळी नाही पळणार," खुर्चीत आडव्या होत सासूबाई म्हणाल्या. "लेकीला शब्द दिलाय. पण जावईबापू, सुई दाखवू नका."

"तुम्ही वर बघा, आई. मासे बघा."

घाबरट पेशंटसाठी डॉक्टरांनी छताला स्क्रीन लावला होता आणि त्यावर दिवसभर निळ्या पाण्यात मासे फिरत. सासूबाई माशांकडे बघत राहिल्या, सुई टोचून झाली तरी जागच्या हलल्या नाहीत. जबडा बधिर झाला. डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि वरचे मासे संपले.

मासे संपतात हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, कारण ते खातं सिस्टरांकडे होतं. सिस्टर म्हणजे दवाखान्यात वीस वर्षं काढलेल्या, पेशंटला नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या बाई. त्या नेमक्या कवळीचं माप घेऊन लॅबमध्ये गेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत चपला काढून, याच खुर्चीत आडव्या होऊन त्या छताकडे काय बघत असतात, हे डॉक्टरांनी कधी विचारलं नव्हतं.

छतावर काळंकुट्ट आभाळ आलं. राखेत बुडालेलं शहर, एका हाताचा कोवळा योद्धा आणि समोर इमारतीएवढा राक्षस. ॲनिमे होतं, म्हणजे जपानी कार्टून, पण लहान मुलांना दाखवण्यातलं नव्हे.

"एकेकाला मुळासकट उपटून काढीन!" योद्धा किंचाळला.

बाहेर बाकावर तीन पेशंट बसले होते.

डॉक्टर रिमोटकडे धावले. पण हातात निर्जंतुक मोजे, म्हणून त्यांनी कोपराने बटण दाबलं. आवाज दुप्पट झाला.

"आज इथून जिवंत जाणार नाहीस!"

बाहेरचं दार आपटलं. पुन्हा आपटलं. "माझं दुखायचं थांबलं वाटतं," असं कुणीतरी म्हणालं आणि जिन्यावर घाईची पावलं वाजली.

"आई, घाबरू नका, बंद करतो हं..."

सासूबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "राहू द्या," त्या बधिर ओठांनी म्हणाल्या. "तो घाबरलाय हो. हात बघा कसा थरथरतोय. तरी पुढेच चाललाय."

डॉक्टरांनी वर पाहिलं. त्याच क्षणी राक्षसाने योद्ध्याच्या खांद्याचा लचका तोडला. आयुष्य रक्तात हात घालण्यात गेलेले डॉक्टर मटकन स्टुलावर बसले.

"मला नाही बघवत."

"मग तुम्ही दाढेकडे बघा. वरचं मी बघते."

पण योद्धा कोसळला तशी सासूबाईंनी तोंडच मिटून घेतलं. "तो उठला की 'आ' करते."

"आणि नाहीच उठला तर?"

"उठणार!"

भूल उतरायच्या आत काम व्हायला हवं होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. योद्धा राखेत पडलेलाच. "ऊठ रे बाबा," डॉक्टर अगदी मनापासून पुटपुटले, "ऊठ!" अखेर त्याने तलवार टेकली, एक गुडघा रोवला आणि तो उभा राहिला. सासूबाईंचं तोंड सताड उघडलं. डॉक्टरांनी वर न बघता जोर लावला आणि दाढ बाहेर आली.

सासूबाईंना पत्ताच नव्हता.

तेवढ्यात सिस्टर परतल्या. त्यांनी रिकामा बाक पाहिला, मग छत पाहिलं. "अगंबाई, तिसरा भाग!"

"वाचतो का हो तो?" सासूबाईंनी कापसाच्या बोळ्यातून विचारलं.

"सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मीही कुणाला विचारलं नव्हतं."

आठवड्याने सासूबाई वेळ न घेताच हजर झाल्या. डॉक्टरांनी तपासलं. जखम छान भरली होती.

"आता दुसऱ्या बाजूची काढा."

"आई, ती ठणठणीत आहे!"

"असू दे. चौथा भाग घरी लावला होता. राक्षस आला की मी उठून स्वयंपाकघरात पळते. पाच वेळा पळाले." सासूबाईंना स्वतःचाच राग आला होता. "तोंडात तुमचं काहीतरी असलं म्हणजे पळता येत नाही."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. चिमटा बाजूला सारून छोटा आरसा घेतला, तो सासूबाईंच्या तोंडात धरला आणि कोपराने चौथा भाग लावला.

"तो उठला," खाली मान घालून ते म्हणाले, "की मला सांगा."