सड्यावरची सवत

आमच्या शेजारच्या दाजींच्या विमानाजवळ जायचं तर आधी नखं दाखवावी लागतात. मी स्वतः जन्मभर शाळेतल्या पोरांची नखं तपासली, पण शेडच्या दारात दाजी माझेच हात उलटेपालटे करून बघतात. "अंगठी काढ गो शालन. बांगडे खाऊन इलंस? मग आधी साबणान हात धू."

विमान म्हणजे खरंखुरं, दोन माणसांचं. एका हौशी डॉक्टरांनी आमच्या सड्यावर, गावाच्या वरच्या कातळमाळावर, त्यासाठी पत्र्याची शेड आणि छोटी धावपट्टी केली आहे. पंख, अंग, शेपटी, सगळं कापडाचं, वरून पांढरा रंग. दाजींनी उभा जन्म मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात असल्याच विमानांची निगा राखली. निवृत्त होऊन गावी आले, तर इथेही हे हजर!

धुण्याचं त्यांचं सोवळं कडक. कोरडं फडकं लावायचं नाही, धुळीने ओरखडे उठतात. आधी नुसतं पाणी, मग सौम्य साबण नि मऊ सुती फडकं, तेही खालून वर. थिनरचं नाव काढायचं नाही, रंग सुटतो. शेवटी पंखाखालची पाणी निथळायची बारीक भोकं मोकळी आहेत ना, ते वाकून बघायचं. खारा वारा, म्हणून हे आठवड्यातून दोनदा. एकदा डॉक्टरांचा ड्रायव्हर फवाऱ्याचा पाइप घेऊन आला, तर दाजी पंखाच्या पुढ्यात आडवे. "आधी माका धू!"

घरी त्यांची बायको, सुलूवहिनी. चार वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले. दाजी त्यांचं सगळं नीट करतात, त्यात खोट काढायला जागा नाही. पण अकरा वाजले की निघाले सड्यावर. वहिनी विमानाला सवत म्हणतात. हसत म्हणतात, तरी सवतच.

दसऱ्याला दाजींचा देवळात मान असतो. ते तिकडे गेले, तेवढ्यात वहिनींनी मला बोलावलं. "माका एकदा सवत दाखय गो." मी कुणाला भिते की काय! रिक्षा आणली, खिळ्यावरची शेडची किल्ली घेतली, वहिनींना खुर्चीसकट शेडमध्ये नेऊन ठेवलं.

वहिनी विमानाकडे बघतच राहिल्या. मग पदराच्या गाठीतून हळदकुंकू काढून बालदीतल्या पाण्याने ओलं केलं. "लोक गाड्यांची पूजा करतत, हिची कोण करतलो?" असं म्हणून, मी नको म्हणायच्या आत, शेपटीच्या पांढऱ्या कापडावर ओल्या हळदीची दोन बोटं आणि कुंकवाचं एक ओढलंसुद्धा.

मी पुसायला फडकं उचललं, वहिनींचा चेहरा बघितला आणि परत ठेवलं. मागे कावळ्याच्या शिटेचा डाग राहिला होता, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा डाग दिसला तर विमान गोव्याला हलवणार. आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर यायचे होते.

डॉक्टर यायचे म्हणून दाजी अकराची वाट न बघता सकाळीच सड्यावर गेले. त्यांची आरोळी ऐकून मी धावत वर गेले. "आवशीक खाव! ह्यां कोणी केलां?" हातात साबणाचं पाणी, ओलं फडकं.

"मी," म्हटलं.

"तुझी बोटां जाडी आसत."

मग सांगावंच लागलं. दाजींचा हात तिथेच थांबला.

"ती इली? हयसर?" फडकं बालदीत पडलं. "मी तिका कधी इचारूकच नाय गो. हात लावतली, म्हणान इचारूक नाय." आणि हा एवढा खमका माणूस मुसमुसून रडला. मलाही राहवेना.

दहा वाजता डॉक्टर आले. त्यांचं लक्ष पहिल्यांदा शेपटीवरच गेलं. "दाजी, हा डाग?"

साहेबलोकांशी दाजी शुद्ध बोलतात. "डाग नाही, डॉक्टर. आमच्या हिने पूजा केली आहे. मी पुसणार नाही. विमान न्यायचं तर न्या."

डॉक्टर शेपटीजवळ उभे राहिले, बोटांच्या त्या तीन रेघा बघत. मग म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

दाजींनी मान हलवली. बालदी उचलून माझ्या हातात दिली, "आज तू धू," म्हणाले आणि अकरा वाजायच्या आत घरच्या वाटेला लागले.