फ्लेक्समागचा कूलर

शुक्रवारी सकाळी साडेनऊला काजलच्या खोलीत एकाएकी संध्याकाळ झाली. बाहेर मे महिन्याचं ऊन, तेही ट्रक-गोदामांच्या वाडी गावातलं, आणि आत दिवा लावावा असा काळोख. नऊ महिन्यांची जिजा दोन रात्री किरकिर करून आता कुठे डोळे मिटत होती. मानेवर घामोळ्यांचा लाल थर, अंगात कणकण. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, "औषधापेक्षा तिला गारवा द्या." गारवा म्हणजे गॅलरीतला कूलर. लोखंडी स्टँडवर उभा, तोंड खिडकीतून खोलीत, पाठ रस्त्याकडे. आणि त्या पाठीमागे कोणीतरी कठड्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत वीस फुटी फ्लेक्स ताणून बांधत होतं.

काजल तणतणत गॅलरीत गेली. मागून अक्षरं उलटी दिसत होती, तरी मोठा शब्द वाचता आला : विजयी.

"कोण आहे खाली? आमच्या गॅलरीला काय बांधून राहिले?"

"अभिनंदन वहिनी!" खालून आनंदरावांचा आवाज आला. आनंदराव म्हणजे वाडी नगर परिषदेच्या निवडणुकीत दोनदा पडलेले आणि तिसऱ्यांदा उभं राहायची तयारी करणारे गृहस्थ. "आपला कुशलभाऊ इंग्लंडात नगरसेवक झाला! आता हे वाडीतल्या प्रत्येक ट्रकवाल्याले माहीत पडलं पाहिजे."

काजलने कपाळावर हात मारला. म्हणजे कालचा फोटो इथवर पोचला होता.

कुशल हा तिचा मोठा दीर. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या एका बेटावर तो दवाखान्यात नर्स होता, आणि बेटावरच्या बोटीचं तिकीट कमी करा म्हणता म्हणता तिथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला होता. काल गुरुवारी तिथे मतदान होतं. मतदान सुरू होताच त्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. मतदान केंद्राच्या दारात कुशल हसत उभा, आणि कोटावर बशीएवढा झालरीचा बिल्ला. फोटोखाली एक अक्षर नाही. त्यानंतर फोन बंद.

सासऱ्यांनी, बाबनरावांनी, तो फोटो मोठा करून पाहिला आणि जाहीर केलं, "बिल्ला भेटला. पोट्टा जिंकला."

बाबनरावांचं निम्मं आयुष्य हातमागावर आणि निम्मं वाडीच्या गोदामात गेलं होतं. दोन्हीकडे त्यांनी एकच पाहिलं होतं. छातीवर बिल्ला लागतो तो सत्कार झाल्यावर. आधी हार, मग बिल्ला, मग भाषण.

काजलने कालच फोनवर शोधून त्यांच्यापुढे धरलं होतं. "बाबा, तिकडे सगळेच उमेदवार बिल्ला लावतात. मतदानाच्या दिवशी. पडणारेसुद्धा."

"पडासाठी कोनी बिल्ला लावते का वं?"

"पक्षाची खूण आहे ती! मतमोजणी उद्या आहे. आपल्या दुपारनंतर निकाल कळेल."

"तू शिकेल आहेस, मान्य. पन पोरगा माहा आहे," बाबनराव म्हणाले आणि फोटो आनंदरावांना पाठवून मोकळे झाले.

आता त्या शिक्षणाचा आणि त्या पोराचा मिळून वीस फुटी फ्लेक्स झाला होता.

काजल खाली उतरली. रस्त्यावरून पाहिल्यावर तिचा पारा आणखी चढला. डाव्या कोपऱ्यात बिल्लेवाला कुशल, ओळखपत्रावर असतो तेवढा. वर नेत्यांच्या चेहऱ्यांची रांग. आणि उजवीकडे अर्धा फ्लेक्स व्यापून हात जोडलेले आनंदराव. नेमके कूलरच्या पाठीवर.

"आनंदरावजी, हे सोडा. माझ्या पोरीला ताप आहे. कूलरला हवा मिळत नाही."

"वहिनी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तीन वाजता ताशे येऊन राहिले. मंग मी स्वतः उतरवतो."

"तीन वाजता? निकाल तर लागू द्या!"

"निकाल काय, आज ना उद्या लागतेच," आनंदराव म्हणाले. दोन निवडणुकांच्या अनुभवातून एवढं ते नक्की सांगू शकत होते.

दुपारी बारापर्यंत कूलरने खोलीतलीच हवा गॅलरीत कोंडून, ओली करून, परत खोलीत फेकायला सुरुवात केली. भाताच्या कुकरचं झाकण उघडावं तशी वाफ. चादर चिकट, भिंत चिकट, जिजा चिकट. काजल दर पाच मिनिटांनी तिच्या मानेला हात लावत होती आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडून आनंदरावांसाठी एक शब्द निघत होता, जो तिला कॉलेजात शिकवलेला नव्हता.

"आई, तुम्ही तरी सांगा बाबांना," ती सासूकडे गेली. गोदूबाई संत्रा बर्फीच्या डब्यांना रबर लावत बसल्या होत्या.

"मी सांगतलं वं माय. पन हे म्हनते, जितलेल्याचा फ्लेक्स उतरवला तर अपशकुन होते. घे, बर्फी खाय."

"मला बर्फी नको, हवा पाहिजे!"

तिने नवऱ्याला फोन लावला. सुमंत बुटीबोरीच्या कापड कारखान्यात होता. पाठीमागे मशिनी खडखडत होत्या.

"चार वाजता शिफ्ट सुटते ना. मी आल्यावर पाहू," तो म्हणाला.

"चारपर्यंत पोरगी उकडून निघेल, सुमंत."

"तू समजून घे जराशी. बाबांचा आनंद आहे."

"तुझ्या बाबांचा आनंद नेमका माझ्या कूलरवरच कशाला बांधला?" असं विचारून तिने उत्तराआधीच फोन कापला. मग कुशलला लावला. सात वेळा. बंद. ज्या माणसामुळे हे सगळं झालं, तो बेटावर गारठ्यात कोट घालून फिरत होता.

तिने स्वतः सुतळी सोडवून पाहिली. आनंदरावांच्या माणसांनी गाठी अशा मारल्या होत्या की त्यांना यापूर्वी ट्रकवर सिमेंट बांधायचा सराव असावा. बाबनराव मागे येऊन उभे राहिले.

"हात नको लावू. वाडीत माही इज्जत आहे."

"आणि तिला ताप आहे," काजल म्हणाली.

"ताप उतरते. असा दिवस पुन्हा नाही येत."

काजल आत निघून गेली. ती गप्प झाली की सुमंत घाबरत असे, पण बाबनरावांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

तीन वाजता ताशे आले. साडेतीनला रस्ता अडला. ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले आणि ताशेवाल्यांना ती साथ वाटली. जिजा दचकून उठली आणि टाहो फोडून रडू लागली. काजलने थर्मामीटर लावला. एकशे एक.

तिने पोरगी सासूच्या मांडीवर ठेवली. बाबनरावांच्या पेटीत मागावरची जुनी कात्री होती. फूटभर लांब, दरमहा धार लावलेली. तिला घरात कोणी हात लावत नसे. काजलने लावला.

गॅलरीत कूलरच्या मागे उभं राहून तिने फ्लेक्समध्ये टोक खुपसलं आणि कापायला सुरुवात केली. पलीकडे काय छापलंय हे तिला त्या क्षणी आठवत नव्हतं. ती फक्त कूलरच्या पाठीचं माप पाहत होती.

खाली मात्र सगळे पाहत होते. आनंदरावांच्या उजव्या कानापाशी एक चकाकतं टोक बाहेर आलं. ते कपाळावरून सरळ डाव्या कानाकडे गेलं, तिथून खाली हनुवटीकडे वळलं. ताशे एकेक करून थांबले.

"भाऊ," एक ताशेवाला म्हणाला, "तुमचं तोंड सुटून राहिलं."

"ओ वहिनी! अवं थांबा! माहा चेहरा आहे तो!"

"असू द्या! मला हवा पाहिजे!" फ्लेक्सच्या मागून आवाज आला.

चौथी बाजू कापली गेली. आनंदरावांचा चार फुटी चेहरा हलत डुलत खाली आला आणि ताशावर पडला. वर, जोडलेल्या हातांच्या आणि पांढऱ्या कुर्त्याच्या वर, चेहऱ्याच्या जागी कूलरची वाळ्याची ताटी दिसू लागली. तिच्यातून पाणी टपकत होतं.

बाबनराव धावत गॅलरीत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कापला? माह्या कात्रीनं कापला?" आणि ते पुढे काही बोलणार, तोच त्यांच्या खिशात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. कुशल.

बाबनरावांनी सगळं विसरून फोन उंच धरला. कापलेल्या चौकोनातून, कूलरच्या बाजूने, तो रस्त्याकडे केला. "बोल बेटा! सारी वाडी ऐकून राहिली!"

"बाबा, पडलो!" कुशल आनंदाने ओरडला. "चौघांत तिसरा आलो! एकशे सत्त्याऐंशी मतं! ओळखीची तर चाळीसच होती!"

रस्त्यावरच्या माना एकमेकांकडे वळल्या. एका ट्रकवाल्याने तेवढा एक हॉर्न दिला.

"आन् मंग बिल्ला?" बाबनरावांनी फोन स्वतःकडे वळवला आणि फ्लेक्सकडे पाठ करून बारीक आवाजात विचारलं.

"तो तर सगळ्यांनाच देतात. हे पहा, हे जिंकलेले काका." पडद्यावर एक पिकल्या मिशांचा गोरा म्हातारा आला आणि हात हलवून हसला. त्याच्याही कोटावर तसाच बिल्ला होता. "यांच्या बायकोने केक आणलाय. सगळे मिळून चहा घेऊन राहिलो."

"तुले पाडणाऱ्यासोबत चहा पिऊन राहिला?"

"हाव ना. बोटीच्या तिकिटाचं कौन्सिलात मीच मांडतो म्हणाले ते." कुशलने फोन जवळ घेतला. "बाबा, तुमच्या पाठीमागं ते काय आहे? उलटं विजयी काहून लिहिलंय?"

बाबनरावांनी फोन बंद केला.

पुढच्या दहा मिनिटांत ताशेवाले बर्फी घेऊन गेले. आनंदराव आपला चेहरा गुंडाळी करून काखेत घेऊन वर आले. त्यांची नजर जमिनीकडे होती.

"वहिनी, कात्री द्या. उतरवून टाकतो. लोक हसतीन."

काजल खिडकीपाशी उभी होती. ती वळली नाही. खोलीत काहीतरी बदललं होतं आणि ते काय, हे ती शोधत होती. साडेचार वाजले होते. रोज या वेळी पश्चिमेचं ऊन गॅलरीत घुसून भिंत तापवायचं, कूलरचा पत्रा हाताला चटका द्यायचा. आज पत्रा गार होता. ऊन फ्लेक्सवर अडलं होतं. आणि कापलेल्या चौकोनातून कूलरला हवी तेवढी हवा मिळत होती. तीन उन्हाळे ती सुमंतला गॅलरीसाठी सावलीची हिरवी जाळी आणायला सांगत होती.

गोदूबाईंच्या मांडीवर जिजा झोपली होती. काजलने मानेला हात लावला. घाम सुकला होता. अंगाची आच उतरली होती.

"फ्लेक्सला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"काय?"

"पावसाळा लागेपर्यंत राहील."

"पन भाऊ तर पडला ना!"

"पडू द्या. माझी पोरगी झोपली आहे." तिचा आवाज खालीच होता, पण आनंदराव एक पाऊल मागे सरले. "सकाळी सोडा म्हटलं तेव्हा बांधलं. आता सोडायला निघाले. कोणी एक दिवस तरी मला विचारून काही करणार आहात का?"

आनंदरावांनी काखेतल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मी दोनदा पडलो," ते म्हणाले, "पन माहा फ्लेक्स एक रात्र कोनी ठेवला नाही." आणि ते जिना उतरून गेले.

बाबनराव गॅलरीतच उभे होते. काजल मनात उत्तरं जुळवत होती. कात्रीबद्दल बोलले तर काय बोलायचं, इज्जतीबद्दल बोलले तर काय. बाबनरावांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"तिरपं कापलं," ते म्हणाले. "हवेनं फाटत जाईन. काठ मारा लागते." मग गोदूबाईंकडे वळून, "अवं, गोनपाटाची सुई दे. आन् तो जाड दोरा."

संध्याकाळपर्यंत ते चौकोनाच्या चारी बाजूंना काठ शिवत बसले. एकेक टाका मोजल्यासारखा सरळ. खालून जाणारा एक ओळखीचा माणूस थांबला, वर पाहिलं आणि ओरडला, "बाबनराव, अभिनंदन! पोट्टा जिंकला म्हणे!"

बाबनरावांनी सुई थांबवली. एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा खिडकीतून आत.

"हळू बोल गा," ते म्हणाले. "पोट्टी झोपली आहे."