तालुका मुरुड

सिद्दीभाईंना कुणी "किस देश के हो?" असं विचारलं की ते दोन्ही हात कमरेवर ठेवून मराठीत ठणकावत, "मुक्काम पोस्ट राजपुरी, तालुका मुरुड, जिल्हा रायगड!" विचारणारा भाजीवाला असो की खात्यातला नवा साहेब, भाषांतर मिळत नसे.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, पण कैक पिढ्या कोकणात मुरलेल्या. माझ्या सोलकढीला ते "वहिनी, हे नुसतं गुलाबी पाणी आहे" म्हणत. त्यांच्या मुरुडचा किल्ला कधी कुणाला जिंकता आला नाही, म्हणून बंद पडलेल्या स्कूटरलाही थोपटून सांगत, "जंजिरा आहे, पडणार नाही!" स्कूटर आठवड्यातून एकदा पडायची.

दर फेब्रुवारीत ते कम्युनिटी हॉलमध्ये 'हबशी दिवस' करत. नोएडात शिकणारी आफ्रिकी मुलं ढोल घेऊन येत. भाषणाला बंदी. प्रत्येकानं उभं राहून आपल्या आजीचा पत्ता सांगायचा, तालुक्यासकट.

"अंकल, हमारे यहाँ तालुका नहीं होता," एक मुलगी म्हणाली.

"होता है! घर पे फोन करके पूछो!"

पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर 'राखीव' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. मला वाटायचं, न येणाऱ्या मंत्र्यांसाठी असावी. एकदा पाय दुखले म्हणून टेकणार, तोच ते हळूच म्हणाले, "तिथं नको वहिनी. नसीमची आहे."

नसीम त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली. शाळेत मुली रंगावरून चिडवत, म्हणून तिनं वडिलांना गेटवर यायला मनाई केली होती. आता नोएडात नोकरीला होती आणि गाव विचारलं की "दिल्ली" म्हणून मोकळी होई. हबशी दिवसाला ती कधीच आली नव्हती.

मग एका वर्षी असोसिएशनच्या नव्या सेक्रेटरींनी हॉलला कुलूप ठोकलं. "बाहर के लोग आते हैं, माहौल खराब होता है." माझं डोकंच फिरलं. आमच्या गणपतीत लाउडस्पीकर दिवसभर कोकलतो, तेव्हा यांचा माहौल कुठं जातो? मी नसीमला फोन करून एवढंच सांगितलं, "तुझ्या बाबांच्या तोंडावर दार बंद केलंय."

सिद्दीभाईंनी कुलपासमोरच लॉनवर सतरंजी अंथरली. "जंजिरा आहे!" मी पोह्यांचं पातेलं घेऊन सगळ्यांत पुढं बसले. घरून एक खुर्ची आणून त्यांनी तिच्यावर 'राखीव'ची चिठ्ठी चिकटवली.

मुलांचे ढोल वाजताच सेक्रेटरी धावत आले. गेटमधून एक मुलगी येत होती, तिलाच त्यांनी अडवलं. "आप किस देश से हैं? परमिशन नहीं है."

नसीमनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"मुक्काम पोस्ट राजपुरी, तालुका मुरुड, जिल्हा रायगड. सिद्दीसाहब की बेटी हूँ. हटिए."

सिद्दीभाई घाईघाईनं खुर्चीवरची चिठ्ठी काढायला गेले. ती इतकी घट्ट चिकटवलेली की निघेना. शेवटी नसीम चिठ्ठीवरच बसली, आणि ते सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडू लागले. "पडला तुमचा जंजिरा!" म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण मीही रडत होते.