दरीची ओटी

उत्तरेकडच्या त्या बर्फाळ दरीत तंबू ठोकायचा, तर आधी दरी तुमच्या घरी तीन दिवस राहून जाते आणि तिला घर पसंत पडलं तरच परवाना मिळतो. अर्जाच्या मागच्या बाजूला हे स्पष्ट छापलेलं आहे. लोक मागची बाजू वाचत नाहीत आणि मग तक्रारी करत हिंडतात.

मिरजेच्या विश्राम बेडकिहाळांनी ती वाचली होती. साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झाल्यापासून ते या एका सहलीची तयारी करत होते. तंबू, झोपायच्या पिशव्या, स्टोव्ह, सगळं पलंगाखाली बांधून ठेवलेलं. दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर डोंगर विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हा एकच उन्हाळा.

दरी सोमवारी सकाळी अकराला आली. सोबत निरीक्षक नेगी. बारा वर्षं दऱ्या घेऊन घरोघर फिरल्यामुळे त्यांचं मराठी स्वच्छ झालं होतं. दुसऱ्या मजल्यावर चढायला दरीला जरा वेळ लागला, कारण देवदार जिन्याच्या वळणावर अडत होते. मग नदी हॉलमधून बाल्कनीकडे वाहू लागली, बर्फ सोफ्यावर टेकला आणि अस्वल बाथरूममध्ये शिरलं ते बुधवारपर्यंत बाहेर आलं नाही.

विश्रामरावांनी सगळे नियम पाळले. रेडिओ बंद ठेवला, पाण्याला साबण लागू दिला नाही, अस्वलाला काही खायला घातलं नाही. शेजारचे मगदूम भिंतीतून गारठा येतो म्हणून भांडायला आले. त्यांच्याकडे मागे एक वाळवंट येऊन गेलं होतं, आणि ते निदान चपला बाहेर काढून आलं होतं, असं त्यांनी ऐकवलं.

बुधवारी दुपारी दरी निघाली. अहवाल उत्तम होता, नेगींची फक्त सही राहिली होती. तेवढ्यात विश्रामरावांच्या पत्नी कुमुदताई ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दरीतल्या सगळ्यांत उंच खडकाला हळदीकुंकू लावलं आणि नदीकाठी खण, नारळ, तांदूळ ठेवले. बाईमाणूस घरातून रिकामं जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची रीत.

नेगींनी पेनाला टोपण लावलं.

"वहिनी, ओटी भरलीत?"

"भरली की."

"मग ती या घरची लेक झाली. नातेवाइकांना परवाना देता येत नाही. कलम नऊ."

विश्रामराव तासभर भांडले. शेवटी म्हणाले, "ओटी परत घेतो."

"अहो, जनाची नाही तर तिची तरी लाज बाळगा," कुमुदताई म्हणाल्या. दरी खाली मान घालून उभी होती.

विश्रामरावांनी वरपर्यंत अर्ज केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. परवाना कायमचा नाकारण्यात येत होता. मात्र कलम दहानुसार लेकीला दर श्रावणात पंधरा दिवस माहेरी येण्याचा हक्क होता, आणि तो माहेरच्यांना नाकारता येणार नव्हता.

त्या श्रावणात दरी आली, आणि ऑपरेशननंतरच्या श्रावणातही. हॉलमध्ये चढ नसल्याने डॉक्टरांची हरकत नव्हती. विश्रामरावांनी काठी टेकत टीव्ही आणि नदी यांच्यामध्ये तंबू उभा केला आणि शेवटची खुंटी ठोकायला हातोडी उचलली.

"ठोकाठोकी नंतर करा," स्वयंपाकघरातून कुमुदताई हळू आवाजात म्हणाल्या. "दमून आलीये, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

विश्रामरावांनी हातोडी खाली ठेवली. नदीचा आवाज खरंच मंदावला होता. एका कोपऱ्यात ढिल्या राहिलेल्या तंबूत ते बेताने शिरले आणि तेही आडवे झाले.