आवृत्तीत राहून गेलेली ओळ

बायको बदलीवर परगावी गेल्यापासून प्रोग्रामर तिला फोनवर एकच सांगे, "माझं मस्त चाललंय. तू सावकाश ये." प्रत्यक्षात एकच कप विसळून विसळून तो रडकुंडीला आला होता.

घरी बसून तो जावा या संगणकभाषेत एक नेटवर्किंग फ्रेमवर्क लिहीत असे. हजारो यंत्रांनी एकमेकांना निरोप धाडावेत आणि उत्तरासाठी कुणीही खोळंबून राहू नये, अशी ती करामत. ओपन सोर्स, म्हणजे हवी त्याने फुकट न्यावी. सासरे त्याच्या या कामाला कौतुकाने 'धर्मादाय' म्हणत.

एका दुपारी चाचणीसाठी काहीतरी निरोप हवा होता. त्याने लिहिलं, 'कधी येतेस गं? घर खायला ऊठतंय.' निरोप झटक्यात पोचला. त्या आनंदात ओळ पुसायची राहिली आणि नवी आवृत्ती तशीच बाहेर पडली.

सकाळी सहकाऱ्याचा फोन. "अरे, कोण येणार आहे?"

"कुठे?"

"ते तूच सांग! नवी आवृत्ती ज्याने ज्याने घेतली, त्या प्रत्येकाच्या पडद्यावर हेच. दातांच्या दवाखान्यात नंबराच्या जागी हे झळकलं. एक आजी ओरडल्या, 'कधीची येऊन बसलेय!'"

त्याने घाईघाईने दुरुस्ती पाठवली. तेवढ्यात बायकोचा फोन.

"आमच्या ऑफिसातही आलं. आमच्या बॉस मॅडमनी वाचलं आणि मुकाट्याने पर्स उचलून घरी गेल्या. पाठोपाठ आणखी तिघी."

"माझंच आहे हे कशावरून?"

"'उठतंय'ला दीर्घ ऊ आणखी कोण लिहितं?"

"मग... येतेस?"

"कालच मी इथली मुदत सहा महिने वाढवून घेतली रे. तुझं मस्त चाललंय ना?"

"ते आपलं... तुला काळजी नको म्हणून."

"तूच का येत नाहीस? तुझं काम लॅपटॉपवर. कोण अडवतंय?"

त्याने खोलीभर पाहिलं. खरंच, कुणीच अडवत नव्हतं.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"माझ्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. म्हणून इथलं घर दोघांपुरतं घेतलं. तू विचारशील म्हणून थांबले. तुझं अर्धं कपाट रिकामं ठेवलं होतं. आता माझे कपडे तिकडे सरकायला लागलेत. लवकर ये, नाहीतर खुंटीवर भागवावं लागेल."