तेलातलं पिवळं

गाडीचं तेल या वेळी आपण स्वतः बदलावं, असं पीपीएमच्या मनात रविवारी सकाळी दात घासताना आलं, आणि त्या घराची शांतता तिथंच संपली.

पीपीएम हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो बसडेपोच्या वर्कशॉपात कारकून होता. बसच्या इंजिनांतलं जुनं तेल प्रयोगशाळेत तपासून यायचं. त्यात लोखंड इतके पीपीएम, तांबं इतके पीपीएम, म्हणजे दहा लाखांत इतके भाग, असे आकडे हा रजिस्टरात उतरवायचा. अठरा वर्षं हेच केल्यावर माणूस भाजीत मीठ जास्त झालं तरी पीपीएममध्येच बोलणार. नाव मेहुण्याने ठेवलं, ते डेपोपर्यंत पोचलं. इंजिन मात्र त्याने जन्मात उघडलं नव्हतं. (गाडीसुद्धा चालवता येत नव्हती. बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवत असताना! पण तो दुखरा विषय आहे.)

"अहो, परवा मेकॅनिककडे नेणारच आहे मी," बायको म्हणाली.

"अठरा वर्षं मी तेलात आहे."

"तेलाच्या कागदांत."

हे बोलणं त्याला लागलं. तो तडक गाडीखाली शिरला. पोट आधी अडकलं, मग गेलं. वर हात लावला तर एक बोल्ट सापडला. तो सोडवला तसं तेल आलं, थोडं बाहीत, उरलेलं टबात. मग बोल्ट आवळून त्याने वरून नव्या तेलाचा अख्खा कॅन ओतला. (काठी बुडवून पातळी बघायची असते, हे त्याला माहीत होतं. पण जेवढं मावतं तेवढंच आणलेलं, त्यात काय बघायचं?)

झालं, असं म्हणून त्याने टब उचलला आणि उन्हात जुन्या तेलात काहीतरी चमकलं. पिवळं. बारीक, भुकटीसारखं. धावत जाऊन त्याने फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं, तेलात बुडवलं. एक कण चिकटेल तर शपथ! म्हणजे लोखंड नव्हे. पिवळं आणि न चिकटणारं म्हणजे तांब्याच्या जातीचं. आणि तांबं वाढलं की शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, हे तो झोपेतही सांगू शकला असता.

तो घरात आला तेव्हा त्याचा चेहरा बघून बायकोच्या हातातला कप तसाच राहिला.

"कोण गेलं?"

"बेअरिंग."

"कुणाचं?"

"तुझ्या गाडीचं. इंजिनाचा दांडा ज्या गुळगुळीत वाट्यांत फिरतो ना, त्या वाट्या झिजल्या. त्यांचाच चुरा तेलात आलाय."

"पण कालपर्यंत तर इंजिनाचा आवाजसुद्धा येत नव्हता!"

"आतलं दुखणं बाहेर ऐकू येतं का? आता किल्ली लावायची नाही. इंजिन जाम होईल."

बायको मटकन खुर्चीत बसली. "गुरुवारी सिस्टरची परीक्षा आहे हो!"

सिस्टर म्हणजे तिची सगळ्यात थोरली विद्यार्थिनी, निवृत्त नर्स. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यायचं आणि दर वेळी शेजाऱ्यांची विनवणी करायची, याला कंटाळून एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकत होत्या. दोनदा नापास झाल्या होत्या. या एकाच गाडीचा क्लच त्यांच्या पायाला कळत होता.

लग्नाला वीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात बायकोने नवऱ्याचं म्हणणं मुकाट्याने ऐकलं ते याच एका वेळी.

सोमवारी गाडी ट्रकवर चढवून गॅरेजात नेली. मेकॅनिक म्हणाला, "चालू करून बघतो."

"खबरदार!" असं म्हणून पीपीएमने घरी तयार केलेला रिपोर्ट पुढे धरला. (जावक क्रमांकासह.)

मेकॅनिकने इंजिनातलं तेल सोडलं. एक टब भरला. दुसरा लावला. तोही भरत आला.

"साहेब, हे तेल संपतच नाहीये."

"तेलाचा विषय संपलाय. तुम्ही बेअरिंग उघडा."

बुधवारी सकाळी बोलावणं आलं. पीपीएम, बायको आणि काळजीने सोबत आलेल्या सिस्टर, असे तिघं गॅरेजात उभे राहिले. मेकॅनिकने बेअरिंगच्या वाट्या पुसून पीपीएमच्या तळहातावर ठेवल्या. ओरखडा नाही, डाग नाही. इतक्या गुळगुळीत, की त्याला त्यांत स्वतःचा चेहरा दिसला. तो बघण्यासारखा नव्हता.

"मग ते पिवळं?" त्याने कसंबसं विचारलं.

"साहेब, तेल काढलंत कुठून?"

पीपीएमने वाकून बोट दाखवलं.

"हा गिअरबॉक्स." मेकॅनिकने शांतपणे सांगितलं. "यात पितळी कड्या असतात. शिकाऊ माणसं करकर गिअर टाकतात, तेव्हा त्या घासतात. शिकवणीच्या गाडीत हा चुरा निघायचाच."

सिस्टरनी मान खाली घातली. "त्यातला बराचसा माझाच असेल."

"इंजिनातलं जुनं तेल तसंच होतं, तुम्ही वर नवं ओतलंत. इंजिनात दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत."

बुडत्याला काडी दिसली. "म्हणजे ही गाडी चालवली असती, तर गिअरबॉक्सचा भुगा झाला असता! मी थांबवली म्हणून वाचला!"

बायकोने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. इंजिन जोडायला शनिवार उजाडणार होता. सिस्टरना बसने परीक्षेच्या मैदानावर न्यायचं आणि तिथं दुसऱ्या एका स्कूलची गाडी मागून घ्यायची, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

त्या दुपारी पीपीएम डेपोत टेबलाशी बसला तो पार खचून. अठरा वर्षं आपण जे लिहिलं, त्यातलं आपल्याला काय कळत होतं? किती बसची इंजिनं आपण उगाच उघडायला लावली? डबा तसाच परत गेला. तेवढ्यात प्रयोगशाळेतून एक रिपोर्ट आला. एका बसच्या तेलात तांबं भरमसाट. एरवी त्याने डोळे मिटून 'बस थांबवा, बेअरिंग तपासा' असं लिहिलं असतं. आज पेन उचलवेना. पिवळे कण डोळ्यांपुढे नाचायला लागले. शेवटी त्याने लिहिलं, 'नमुना नक्की इंजिनातलाच आहे ना, याची प्रथम खात्री करावी,' आणि कागद परत पाठवला. नोकरीत पहिल्यांदाच आपण विचार करून शेरा लिहिला, या जाणिवेने त्याला रात्री जरा झोप लागली.

गुरुवारी सकाळी दहाला टेबलावरचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, निम्म्या वाटेत उभ्या आहोत आम्ही. बस बंद पडली. मागची बस भरून गेली, थांबलीसुद्धा नाही. परीक्षेची वेळ गेली. सिस्टर तेवढ्या मलाच धीर देतायत, म्हणतात पुढच्या महिन्यापर्यंत सराव तरी होईल."

"कशाने... कशाने बंद पडली?"

"आधी ठकठक, मग धाड्‌कन आवाज. ड्रायव्हर म्हणतोय, बेअरिंग गेलं."

पीपीएमने बसचा नंबर विचारला. तिने सांगितला. त्याने समोरचं रजिस्टर हळूच मिटलं.

"ऐका ना," बायको म्हणाली, "ड्रायव्हर भयंकर चिडलाय. विचारतोय, तेलाचे रिपोर्ट वाचायला डेपोत कुणी माणूस बसवलाय की नाही?"

पीपीएमने आजूबाजूला पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"विचारून सांगतो," तो म्हणाला.