गाठींचे प्रोफेसर

मिक्लोश आजोबांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारायचे, “नक्की? की नुसतं वाटतंय?”

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी. एकाच लांब गॅलरीत दोघांची दारं. ते हंगेरीचे, गणिताचे निवृत्त प्रोफेसर. त्यांच्या नावाचं एक प्रमेय आहे, हे मला कळलं ते कोविडमुळे. माझं ऑफिस स्वयंपाकघरात आलं आणि अकराच्या कॉफीला बोलायला गॅलरीत हे एकटेच उरले.

दीड मीटर अंतराचा नियम आला तेव्हा बाकीच्यांनी अंदाजाने भागवलं. आजोबांनी दोरी मोजून कापली. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. दोरी जरा सैल पडली की ओरडायचे, “मागे व्हा, मागे!”

त्यांचा विषयच गाठींचा. दोन गाठी वेगळ्या दिसतात; पण दोरी न कापता, नुसती इकडून तिकडून ओढून एकीची दुसरी करता येईल का? एवढ्या प्रश्नावर माणसाने चाळीस वर्षं काढली होती.

“मग? मिळालं उत्तर?”

“एका जातीच्या गाठींचं मिळालं. बाकीच्या अजून हसतायत मला.”

आजोबांचे वडील हंगेरीतल्या खेड्यात बूट शिवायचे. दुकानातल्या गुंतलेल्या नाड्या सोडवायचं काम यांच्याकडे आणि धाकट्या बहिणीकडे, इलोनाकडे. ती कात्री लावून मोकळी व्हायची, हे तासभर गुंता बघत बसायचे.

“मार कोणाला पडायचा?”

“मला! वेळ लावला म्हणून.”

तरुणपणी एका परिषदेसाठी इकडे आले, ते तिथल्या कम्युनिस्ट राजवटीत परत गेलेच नाहीत. मग कित्येक वर्षं गावात पाऊल टाकता आलं नाही. प्रमेय छापून आलं तेव्हा त्यांनी बहिणीला कळवलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘सुटल्या का शेवटी नाड्या?’ हे सांगताना आजोबा इतके हसले की कॉफी सांडली.

कोविडच्या त्या पहिल्याच वर्षी हिवाळ्यात इलोना गेली. प्रवास बंद. अंत्यविधी लॅपटॉपवर दिसणार होता आणि आजोबांना लिंक उघडेना. मी मास्क लावून त्यांच्या घरी गेले, सगळं जोडून दिलं. काळा कोट घालून ते शेवटपर्यंत उभे होते.

स्क्रीन काळी झाली. “आता माझ्याशी हंगेरियन बोलणारं कोणी नाही,” ते म्हणाले. मग बराच वेळ चाचरत, “तुम्ही रोज दुपारी आईला फोन करता ना? उन्हाळ्यात खिडकीतून ऐकू यायचं. कळत काही नाही मला. पण घरच्या माणसाशी बोलतानाचा आवाज वेगळा असतो. हल्ली थंडीमुळे खिडकी बंद असते.”

दुसऱ्या दिवशी मी स्वेटरवर स्वेटर चढवला, खिडकी सताड उघडली आणि पुण्याला फोन लावला.

“वारा कसला गं येतोय एवढा?” आई म्हणाली. “सर्दी होईल.”

मी सगळं सांगितलं.

“फोन स्पीकरवर टाक आणि खिडकीत ठेव,” ती म्हणाली. मग आवाज चढवून थेट आजोबांनाच विचारलं, “जेवलात का हो?”